धाकू तिसरा

हर्णैच्या बर्फ कारखान्यात
भिंतीवर पडदा लावला तो मीच.
सोसायटीचं काम, चार महिने, पैसे अजून निम्मे.
अट एकच: ज्याचा माल आधी नासेल
त्याला लादी आधी.
कोळंबी थांबली आणि सुरमई निघाली, असं होता नये.
आणि कोण कुणाचा मेहुणा,
हे यंत्राला सांगायचं नाही.

मी प्रायॉरिटी क्यू घातली.
आता पुढचा कोण, एवढं विचारा,
ती चुकायची नाही.

पहिल्या संध्याकाळी पाच नावं.
सेक्रेटरी पावशे म्हणाले, पुढच्याचं राहू दे,
अख्खी रांग दाखव.
मी साधं लूप लिहिलं,
एकेकाला गाठून नाव विचारणारं,
आणि पडद्यावर आलं:

गुलबहार, कोळंबी
जलदेवी, बांगडा
धाकू चोगले, होडी, आमिषाला अर्धी लादी
हमजा, सुरमई
शिवलक्ष्मी, म्हाकूळ

धाकू तिसरा!
ज्याचं आमिष थोडं नासलं तरी
माशाची तक्रार येत नाही,
जो वर्षानुवर्षं सगळ्यांची भरणी झाल्यावर
फरशीवरचा चुरा गोळा करतो, तो.
त्यानं पडद्याचा फोटो काढला.
बायकोला फोन लावला, यमुने, बघितलंस काय,
तिसरा.

गुलबहार लाद्या घेऊन गेली. धाकू तिसरा.
जलदेवी गेली. धाकू तिसराच.
हसमतचाचा क्रशर बंद करून माझ्याकडे वळले,
अगं पोरी, बर्फालासुद्धा कळतं
आधी कुठून वितळायचं.

आत रांग नव्हतीच, चाचा.
आत होती उतरंड.
वरच्याला एवढंच ठाऊक
की खालचे दोघे माझ्या मागचे.
त्या दोघांत आधी कोण,
हे कुणी कुणाला विचारलेलं नसतं.
अडलं तेवढंच भांडण मिटवायचं,
बाकीचं वेळ येईल तेव्हा.
जलदेवीच्या बाजूला एक जागा होती,
तिच्याखाली कुणी नव्हतं,
तिथं धाकू बसला.
वाद घालायला कुणी आलंच नाही.
आणि माझं लूप
बसल्या जागेनं नावं वाचत गेलं.

खरा क्रम हवा तर एकेकाला बाहेर काढावं लागतं.
पाटीतली वरची सुरमई सगळ्यांना दिसते,
खालचं काय ते
पाटी उपडी केल्यावर.
आणि उपडी केली
की विकायला पाटी राहत नाही.

रात्री मी उपाय केला.
आता पडदा दर मिनिटाला रांगेची नक्कल करतो,
नक्कल शेवटपर्यंत रिकामी करतो,
नावं निघतील तशी लिहितो,
रिकामी नक्कल टाकून देतो.
खरी रांग जागची हलत नाही.
चाचांनी ऐकून घेतलं, बिडी विझवली.
म्हणजे खोट्या होड्यांना खोटा बर्फ वाटून बघतेस.
होय, चाचा.
मग ठीक.

दुसऱ्या दिवशी धाकू पाचवा.
नंतर सात होड्या आल्या, तो आठवा.
भांडला नाही. पडद्याखाली उभा राहून
मोबाइलमधला जुना फोटो मोठा करून पाहिला,
मग पडदा, मग पुन्हा फोटो.
मला म्हणाला, काल चुकलं होतं होय?
मी म्हटलं, हो.
आणि तेवढ्यात वाटलं, तसं पुरतं चुकलेलं नव्हतं.
मी विचारलं होतं कोण कोण आहे,
आणि त्याचं उत्तर बरोबर होतं.
पाच होते, पाचही सापडले.
क्रम मी गृहीत धरला होता.

पावशेंना न विचारता
पडद्याच्या तळाशी मी एक पट्टी ठेवली आहे.
जुनंच लूप, जसंच्या तसं.
वर लिहिलंय: आज बंदरात कोण कोण.
तिथं धाकू कधी चौथा असतो, कधी सहावा,
पहिला मात्र कधीच नाही,
तेवढं यंत्र सांभाळतं.

तो आधी ती पट्टी वाचतो.
मग गोणपाटात अर्धी लादी घेऊन
खांद्यावर टाकून उतरतो जेट्टीकडे,
मागे पायऱ्यांवर थेंबांची रेघ,
जरा वाकडी,
होडीपर्यंत.